खिळ्याला टांगलेला थर्मास

सकाळचं पाणी आलं व्हतं. कारेगावात आमच्या खोल्यांना एक दिवसाआड पाणी येतं, आन् ते आलं की मंग कुणाला कुणाशी बोलायला येळ नसतो, हंडे-कळश्या-बादल्या नुसती पळापळ. मी नळावर हंडा लावला व्हता, पायल माझ्या पदराला लोंबकळत व्हती, तवा शेजारची वंदना तिचा मोबाईल घिऊन आली. म्हणली, "मंगल, दौंडवरनं कुणीतरी बाई बोलतीया, काय म्हणती ते मला कळंना." मी वल्ल्या हातानंच घेतला. बिरूमामा ज्या कंपनीत व्हते तिथल्या मॅडम व्हत्या. त्या लई हळू बोलत व्हत्या. म्हणल्या, "मंगल, तू बसली आहेस का उभी आहेस?" मी म्हणले, नळावर हाय. त्या म्हणल्या, "आधी बस." ... तवाच मला समजलं.

मामा दौंडला कुरकुंभच्या कंपनीगाडीची वाट बघत बाकावर बसले व्हते. मांडीवर जेवणाचा डबा व्हता. गाडी आली, डायवरनं दोनदा हारन दिला, त्याला वाटलं म्हाताऱ्याला डुलकी लागली. पर मामा कवा डुलकी घेणाऱ्यातले नव्हते, म्हणून तो उतरून बघायला गेला. डबा तसाच मांडीवर धरलेला व्हता म्हणं, कलंडलासुदिक न्हाई. माझा हंडा भरून वाहत व्हता, कुणीतरी नळ बंद केला. पायल म्हणत व्हती, "आई, पाणी सांडलं... आई, पाणी."

आता दीड महिना झाला. मी सातवी शिकलेली हाय, असं कवा लिव्हलं न्हाई. पर दहाव्याच्या दिवशी एक गोष्ट झाली आन् तवापासनं माझा जीव थाऱ्यावर न्हाई. दौंडला भीमेच्या काठाला दहावा केला. मामी लवकर गेल्या, मामांना मूलबाळ न्हाई, म्हंजी जवळची अशी मीच भाची. कंपनीतनं मॅडम आल्या व्हत्या. आमच्या आत्या आल्या व्हत्या, आत्या म्हंजी माझ्या सासूबाई, कवठे येमाईला असतात. मॅडम म्हणल्या, "मी एवढी वर्षं या कामात आहे, पण मामांइतका सावध माणूस मी पाहिला नाही." आन् आत्या माझ्या दुसऱ्या बाजूला बसल्या व्हत्या, त्या म्हणल्या, "मानूस लई भला, पर सावध कुठला बाई. त्यानं आमच्या नातीला मेंढराचं औषध टोचायचंच बाकी ठेवलं व्हतं. देवानं वाचवली." मॅडम माझ्याकडं बघायला लागल्या. मी दोघींच्या मधी बसले व्हते. मला खरं काय ते ठावं व्हतं, समद्या जगात आता मला एकटीलाच ठावं हाय, आन् मी मान खाली घालून बसले. मॅडमना मंग मी फोन केला, त्यांला समदं सांगितलं. त्या म्हणल्या, मला सांगून काय उपयोग, तू लिही, पेपरच्या पुरवणीत लोक आपल्या माणसांबद्दल लिहितात. म्हणून हे लिव्हतीया. भ्या वाटतंय, पर लिव्हते.

मामा धनगराचे. बारा वर्षांचे व्हईस्तवर मेंढरांमागं फिरले, शाळेत गेलेच न्हाईत. सही शिकले ती कंपनीत लागल्यावर. कुरकुंभला कारखाने वाढले तवा ते आधी माल उतरवायला लागले. मंग एका कंपनीत प्राणीघर सुरू झालं, प्राणीघर म्हंजी औषध माणसाला द्यायच्या आधी उंदरांना देऊन बघतात ती जागा. पांढरे उंदीर, लाल डोळ्यांचे. तिथं कुणी टिकत नव्हतं, चावायचे, वास यायचा. मामांना एक दिवस बदली म्हणून उभं केलं आन् मामांना एकबी उंदीर चावला न्हाई. ते पिंजऱ्यात हात घालायच्या आधी तळहातावर फुंकर मारायचे, हात गरम करायचे, मंग हळूच वंजळीत उचलायचे. तिथंच पक्के झाले.

मी ल्हान असताना आमी मामांना चिडवायचो. आमच्या गावात म्हणायचे, "बिरू, मेंढरं सोडून उंदरं राखतो व्हय रं, लोकर किती निघती?" मामा म्हणायचे, "निघती की, तुझ्यापुरती टोपी व्हईल." त्यांला राग म्हणून येत नव्हता. पर कामाचं इचारलं की ते सरळ बसायचे. म्हणायचे, "मंगे, मेंढरू काय आन् उंदीर काय, आधी लांबून बघायचं. हात लावला की जनावर घाबरतं, मंग ते खरं सांगत न्हाई. लांबून बघायचं कान कसं हायती, पाठ कशी हाय, कोण कळपातनं बाजूला उभं हाय. मंग जवळ जायचं." सकाळी ड्युटीवर गेले की पहिली पंधरा मिनिटं ते कशाला हात लावायचे न्हाईत, नुसते दारात उभे. नवे साहेब आले की त्यांला वाटायचं हा गडी आळशी हाय.

मंग मॅडम आल्या आन् त्यांनी डासांच्या तापावरची लस करायला घेतली. मामांनी मला ती लस जशी सांगितली तशी लिव्हते, मला तेवढंच समजतं. माझं लगीन ठरलं व्हतं त्या दिवसांत, मामा आमच्याकडं आले व्हते, आमी शेंगा फोडत बसलो व्हतो. मामांनी एक शेंग घेतली, अलगद उकलली, आतले दोन दाणे काढले आन् टरफल परत मिटवून माझ्या हातावर ठिवलं. म्हणले, "ही काय हाय?" मी म्हणले, शेंग. म्हणले, "पेरली तर उगवंल का?" मी म्हणले, आत बीच न्हाई तर कशी उगवंल. म्हणले, "हां. मॅडम तापाच्या इषाणूचं असंच करतात. आतलं बी काढून टाकतात, टरफल तेवढं ठिवतात. आपल्या अंगात राखणदार असतात, ते टरफल बघतात, ह्यो चोर असा दिसतो म्हणून ध्यानात ठिवतात. पर बी न्हाई म्हणून ताप उगवत न्हाई. खरा चोर आला की मंग राखणदार तयार." मी इचारलं, केवढं असतं ते टरफल. मामांनी पायरीवर बोट टेकवलं, बोटाला धूळ लागली. म्हणले, "ह्या धुळीचा एक कण घे, दिसंल तर. त्याच्यावर असली हजारो बसत्याल. मॅडमच्या मशिनीलाबी फोटू काढताना दम लागतो."

मी म्हणले, मंग झाली की लस तयार. मामा म्हणले, "टरफल करणं निम्मं काम. ते कुणाला बाधत न्हाई हे बघायचं काम लई मोठं. आन् ते माझ्याकडं हाय." हे बोलताना मामांचं तोंड असं झालं व्हतं... मी त्यांला कवा तसं बघितलं नव्हतं. शाळा न शिकलेला माणूस, पर त्यांला ठावं व्हतं की ते काय करतायत.

मंग माझं लगीन झालं. पायलचे पप्पा रांजणगावला कारखान्यात, म्हणून आमी कारेगावात खोली घेतली. पायल झाली आन् दोन महिन्यांतच चिकुनगुन्याची साथ आली, त्याच डासांच्या तापाची. आमच्या चाळीत एकबी खोली सुटली न्हाई. चालते-बोलते माणसं भिंतीला धरून संडासला जायची, बायांना पीठ मळता येईना. बिहारची पोरं व्हती वरच्या खोलीत, ती जिन्यावरनं बसून बसून खाली उतरायची, म्हणायची, "भाभी, हम तो बुड्ढे हो गए." लोक हसायचे, पर मला हसू येत न्हवतं. पलीकडच्या चाळीतलं एक तान्हं लेकरू गेलं, त्याच्या आईला बाळंतपणातच ताप आलता म्हणं. तवापासनं मी येडी झाल्यागत झाले. डास दिसला की मी पायलला पदरात गुंडाळायची, एवढं की ती घामानं भिजायची. पायलचे पप्पा म्हणायचे, तू तापाच्या आधी तिला गुदमरून मारशील.

मामा रविवारी आले. आल्या आल्या त्यांनी दारातला आमचा पाण्याचा बॅरल बघितला, भरून ठिवलेला, आन् दोन्ही हातांनी धरून उलटा केला. एक दिवसाआडचं पाणी. सगळं गटारीत. मी वरडले, चाळीतल्या बाया बाहेर आल्या. मामा म्हणले, "खाली वाकून बघ." बॅरलच्या तळाला चिकटलेल्या पाण्यात बारीक आळ्या वळवळत व्हत्या. म्हणले, "ह्यो दिवसा चावणारा डास. ह्यो गटारीत न्हाई व्हत, ह्याला आपल्यासारखं चांगलं पाणी लागतं. आठ दिसातनं एकदा भांडं कोरडं करायचं, घासायचं, उन्हात ठिवायचं." मंग त्यांनी चाळीतले समदे बॅरल उपडे केले. त्यांला लई शिव्या बसल्या त्या दिवशी.

मी त्यांला आत बसवलं आन् म्हणले, "मामा, मला ती लस पायजे. पायलसाठी. एक थेंब आणा."

मामा म्हणले, "अजून उंदरांवरच चालू हाय, मंगे."

"मंग उंदरांना बाधली का?"

"न्हाई. पर अजून लई बघायचं ऱ्हायलंय."

"तुमच्या हाताखालनं जाती की न्हाई? कुणाला कळतंय?"

मंग मी जे बोलले ते मला आज आठवलं की अंगावर काटा येतो. मी म्हणले, "उंदरांना देता आन् भाचीच्या लेकीला न्हाई. तुमाला स्वतःचं लेकरू असतं म्हंजी कळलं असतं." मी चहा ठिवला व्हता, तो उकळत व्हता. मामा उठले, पायलकडं लांबूनच बघितलं जरा येळ, आन् गेले. चहा घेतला न्हाई.

दुसऱ्याच दिवशी पायलच्या पप्पांनी मला आन् पायलला कवठे येमाईला आत्यांकडं पोचवलं, गावाकडं साथ कमी हाय म्हणून. आत्यांची पंचवीसेक मेंढरं हायती, सासरे नसल्यापासनं त्याच बघतात. पंधरा दिवस बरे गेले. मंग एक दिवस आत्याच सकाळी उठल्या न्हाईत. म्हणल्या, "सूनबाई, माझे हात कुणीतरी काढून नेल्यात." अंग नुसतं तव्यासारखं. ताप घरात आलता. आत्या एका भिंतीला आन् मी पायलला घिऊन दुसऱ्या भिंतीला, आन् मधी डास. मला एवढंच वाटत व्हतं की आता पायलची पाळी.

त्याच दिवशी दुपारी बिरूमामा आले. खांद्याला थर्मास व्हता, लाल रंगाचा, रुंद तोंडाचा. माझ्या लग्नाच्या आधीपासनंच दर वर्षी ते पावसाच्या आधी आमच्या मेंढरांना लस टोचायला यायचे. पाऊस पडला की कोवळं गवत उगवतं, ते खाऊन मेंढरांचं पोट फुगतं, रातीतनं मरतात, त्याच्यावरची ती लस. शिरूरच्या जनावरांच्या दवाखान्यातनं ते बर्फात घालून आणायचे. हे मला ठावं व्हतं. ठावं असूनबी त्या दिवशी माझ्या डोक्यात आलं न्हाई, कारण माझ्या डोक्यात दुसरं काही शिरतच नव्हतं. मामांनी आत्यांच्या कपाळाला हात लावला, माझ्याकडं बघितलं, पायलकडं बघितलं. मंग थर्मास माठाच्या मागं गारव्याला ठिवला आन् म्हणले, "ह्याला कुणी हात लावू नका. ऊन कलू द्या, मंग बघतो." आन् गेले वाडग्याकडं, मेंढरं कोंडतात तिकडं, आधी लांबून बघायला.

मला वाटलं, आणली. मामांनी लस आणली. तोंडानं सांगता येत न्हाई, नोकरीचा सवाल हाय, म्हणून असं म्हणले. माझ्याकडं बघून म्हणले, पायलकडं बघून म्हणले, ते उगंच व्हय? ऊन कलल्यावर गुपचूप टोचणार, असंच मला वाटलं. पर माझ्याच्यानं ऊन कलायची वाट बघवंना. पायल कडत लागत व्हती, का माझेच हात गरम व्हते ते कळंना. मी थर्मास उघडला. बर्फाच्या पाण्यात मुठीएवढी बाटली व्हती, वर रबराचं बूच, कागद भिजून त्याच्यावरची शाई फुटलेली. एवढी मोठी बाटली... मला वाटलं, आत्यांना, मला, पायलला, समद्यांना पुरंल म्हणून मामांनी मोठी आणली. मला रडूच आलं. मी कसं बोलले व्हते त्यांला, आन् त्यांनी समद्यांसाठी आणली.

मी बाटली वल्ल्या फडक्यात गुंडाळली, पायलला काखेत मारलं आन् नाना कंपाउंडरकडं गेले. डॉक्टर शिरूरवरनं आठवड्यातनं दोनदा यायचे, बाकी नानाच टोचायचे. ओट्यावर माणसंच माणसं, समदी गुडघे धरून बसलेली. मी म्हणले, "नाना, हिला लस द्यायची."

"कुठली लस?"

"तापाची. मामांनी आणलीया, त्यांच्या कंपनीतली."

नाना बाटली उजेडाला धरून बघायला लागले. "कागद तर भिजलाय. किती द्यायची?"

मला कुठं ठावं. मी म्हणले, "बारकं लेकरू हाय, थोडी द्या."

नानांनी डोकं खाजवलं, पर मामांचं नाव व्हतं ना मधी. बिरू धनगर औषधाच्या कंपनीत हाय, सावध माणूस हाय, हे समद्या गावाला ठावं. नानांनी बाटली हलवली, सुई खुपसली, थोडी वढून घेतली. मी पायलची चड्डी सरकवली. त्यांनी तिची मांडी कापसानं पुसली. गार लागलं तशी ती दचकली आन् माझ्याकडं बघून हसली... दोन महिने-अडीच महिन्यांचं लेकरू, नुकतंच हसायला लागलेलं.

तवा मागनं मामांचा आवाज आला, "नाना, थांबा जरा."

थर्मास उघडा बघून मामा तसेच अनवाणी आलते. उन्हात, तापल्या फुफाट्यातनं. ते धापत व्हते, पर आवाज चढला नव्हता. ते जवळ आले, नानांच्या हातातनं सुई काढून घेतली आन् म्हणले, "ही मेंढरांची हाय."

मी पायलला धरून खालीच बसले. नानांचं तोंड पांढरं पडलं, ते माझ्याकडं बघायला लागले, "अगं तू तर म्हणलीस—"

"तिचं काय न्हाई त्यात," मामा म्हणले. "मीच तिच्या हातात दिली. दोन बाटल्या व्हत्या माझ्यापाशी, एक बाळाच्या तापाची. माझीच अदलाबदल झाली. आताशा डोळ्यांनी नीट दिसत न्हाई मला."

एकच बाटली व्हती. मामांना सुईच्या भोकातनं दोरा चष्म्याबिगर ववता यायचा.

कुणीतरी म्हणलं, "बिरू, पोरगी उद्यापास्नं बें बें केली असती की रं." समदे हसले, भ्यालेली माणसं हसतात तसं. मामाबी हसले. म्हणले, "तर काय, कातरायला मलाच यावं लागलं असतं."

परत येताना आमी बाभळीखाली बसलो. मामा जरा अंतरावर बसले. मी म्हणले, "मामा, तुमी खोटं का बोलला?" ते म्हणले, "तुला त्या घरात आखं आयुष्य काढायचंय. मी काय, वर्सातनं एकदा येणारा पाव्हणा." मंग म्हणले, "तू इचारलं व्हतंस ना, उंदरांना बाधली का. मी तुला न्हाई म्हणलो. ते खरं व्हतं, पर पुरतं खरं नव्हतं."

मंग त्यांनी सांगितलं. गेल्या साली एक घाणा, म्हंजी एका खेपेला बनवलेली लस, ती त्यांला उंदरांना द्यायला आली. दिली. वजन ठीक, खाणं ठीक, मशिनीत समदं ठीक. दुसऱ्या दिवशी मामा सकाळी दारात उभे राहिले आन् त्यांला दिसलं की त्या पिंजऱ्यांत घरटी न्हाईत. उंदराला कागदाच्या पट्ट्या दिल्या की तो रातीत त्या कुरतडून गोल घरटं करतो, रोज. त्या उंदरांनी पट्ट्या तशाच ठिवल्या व्हत्या. मामांनी सांगितलं, ही जनावरं बरी न्हाईत. एक साहेब हसले, म्हणले, घरट्याचा काय संबंध. पर मॅडमनी ती लस पुन्हा तपासली. ज्या जंतूंच्या अंगात ती टरफलं वाढवतात त्यांचा कचरा जरासा मागं राहिला व्हता. तिसऱ्या दिवशी उंदरांची वजनं घसरली. सगळी खेप फेकून दिली, धुवायची रीतच बदलली.

मामा म्हणले, "तू कारेगावात इचारलंस तवा मी एक थेंब आणला असता. येत व्हतं आणता. पर कुठल्या बाटलीतला आणू, मंगे? आज जी ठीक दिसती ती परवा ठीक असंल का, ते मलाच ठावं न्हाई. म्हणून तर मी तिथं उभा असतो." पायल झोपली व्हती. मामांनी तिच्याकडं बघून म्हणलं, "उंदरू बोलत न्हाई. हीबी बोलत न्हाई. जे बोलत न्हाई त्याच्यावर घाई करायची नसती."

त्यांनी मला शपथ घातली न्हाई, एवढंच म्हणले, "घरी काय सांगू नको." आन् मी सांगितलं न्हाई. मी भ्याले. आत्यांचा सोभाव कडक हाय, आन् मी नवी सून.

ती बाटली मामांनी खड्डा करून पुरली. माझ्या हातात, उन्हात तापली व्हती, आता मेंढरांनाबी चालणार न्हाई म्हणले. शिरूरला दुसरी मिळाली न्हाई, संपली व्हती, आन् नवी येईस्तवर पाऊस लागला. त्या पावसाळ्यात आमची चार कोकरं पोट फुगून गेली. आत्या बऱ्या झाल्या, पर बोटं वाकडीच राहिली, त्या वाकड्या बोटांनी त्यांनी ती कोकरं उचलली. बाटली पुरल्यावर मामा चार दिवस आमच्याकडंच राहिले. दारात बसून पायलकडं बघायचे आन् मला शिकवायचे, "मूठ घट्ट मिटती का बघ. दूध वढायला जोर हाय का बघ. रडताना आवाज कसा येतो ते ऐक. हात मंग लाव." पायलला ताप आलाच न्हाई. माझेच हात गरम व्हते.

त्याच्या पुढच्या साली मामा थर्मास घिऊन आले तर आत्या दारातच म्हणल्या, "पाव्हणं, चहा घ्या, जेवा, पर माझ्या मेंढरांना हात लावायचा न्हाई. मी दुसरा माणूस बघितलाय. आन् ती बाटली घरात आणू नका." मी चुलीपुढं व्हते. मला बोलता आलं असतं. मामांनी माझ्याकडं बघितलंसुदिक न्हाई, मला अवघड वाटंल म्हणून. म्हणले, "बरं व्हईल, माझाबी ताप वाचला." आन् थर्मास नेऊन वाडग्याच्या मेढीला, त्या खांबावरच्या खिळ्याला टांगला. तो तिथंच राहिला. त्यानंतर दर वर्षी मामा यायचे, टोचणारा दुसरा माणूस टोचायचा, आन् मामा कुडाच्या बाहेर उभं राहून लांबून बघायचे. एकदा म्हणले, "ती काळी मेंढी आज नको टोचायला, तिची पाठ बघ." त्या माणसानं आत्यांकडं बघितलं. आत्या म्हणल्या, "तू टोच." ...दोन दिवसांनी ती मेंढी आजारी पडून बसली.

शेवटचे मामा मला भेटले ते जायच्या पंधरा दिवस आधी, कारेगावात. पायल आता चार वर्षांची व्हत आली, ती त्यांच्या मिशा वढत व्हती. मी इचारलं, लस कुठवर आली. मामा लई खुशीत व्हते. म्हणले, "औंदाची खेप चांगली हाय. लांबून बघितलं ना, तर समदी घरटी कशी गोल. आतनं नुसती नाकं दिसतात." मी म्हणले, आमाला कवा मिळायची. ते म्हणले, "उंदरांनंतर अजून लई पायऱ्या हायत. पायलच्या लेकरांना मिळंल बघ." आन् चहा घेतला, दोन कप घेतला. मी त्या दिवशी म्हणणार व्हते की मामा, मी आत्यांना सांगते आता. ओठावर आलं व्हतं. मंग वाटलं, पुढच्या येळी.

मॅडम फोनवर म्हणल्या, प्राणीघरातल्या कागदावर वजन, खाणं, ताप असे रकाने असतात, त्यात एक रकाना मामांच्या सांगण्यावरनं घातलेला हाय, 'घरटं बांधलं का'. तो आता कायम राहणार हाय. नवीन पोरगी लागलीया मामांच्या जागेवर, तीबी आधी दारात उभी राहती म्हणं, तिला मामांनीच शिकवलं.

इथवर लिव्हून झाल्यावर मी चार दिवस गादीखाली ठिवलं. पेपरात छापून आलं आन् गावात कुणी वाचून दाखवलं तर ते बरं न्हवं, म्हणून परवा मी पायलला घिऊन कवठ्याला गेले. आत्या शेणी थापत व्हत्या. मी समोर बसले आन् वाचायला लागले. आत्यांनी थापायचं थांबवलं न्हाई. बाटलीचं आलं, कंपाउंडरचं आलं, मामा अनवाणी आले ते आलं, तवा त्यांचे हात थांबले. सगळं वाचून झालं. मला वाटलं आता मला घराबाहेर काढत्यात.

त्या म्हणल्या, "आन् तो हसायचा. मी एवढं बोलायची आन् तो हसायचा."

मंग उठल्या, हात धुतले, आन् वाडग्याकडं गेल्या. मी जागची हलले न्हाई. त्या आल्या तर त्यांच्या हातात थर्मास व्हता, तीन पावसाळ्यांत त्याचा लाल रंग उडालेला, आत कोळ्यानं जाळं केलेलं. वाकड्या बोटांनी त्याचं झाकण त्यांला फिरवता येईना. मी हात पुढं केला तर म्हणल्या, "राहू दे, मीच काढते." काढलं. राखंनं आतनं बाहेरनं घासला, दोनदा खंगाळला, आन् घरात नेऊन माठाच्या मागं ठिवला, तिथंच, गारव्याला. पायल धावत गेली त्याला धरायला.

"हात लावू नको," आत्या म्हणल्या, "आधी लांबून बघ."